पट्टीखालचं बटण

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण हल्ली खाली गेलेली कंबर वर यायला फार आढेवेढे घेते. तेव्हा उभ्याउभ्याच स्वीकार.

इकडे सगळे ठीक. तुझ्या भावजयीने स्वयंपाकघराला नवा रंग दिलाय. रंगाऱ्याने 'फिकट पिवळा' म्हणून जो काही फासलाय, तो पाहून रोज सकाळी मला आपल्याला कावीळ झाली की काय अशी शंका येते. बोलायची सोय नाही, कारण रंग तिने निवडलाय. लेकीची परीक्षा आहे, म्हणजे आम्ही तिघंही परीक्षेला बसलोय. टीव्ही बंद, रेडिओ बंद, आणि मी तोंड बंद ठेवावं असा हुकूम. माइक-स्पीकर भाड्याने देऊन पोट भरणाऱ्या माणसाच्या घरी ही शांतता!

परवाचा वाचनालयाचा कार्यक्रम छान झाला असं सगळे म्हणतात. अध्यक्षांनी माइकवर टिचक्या मारल्या, आत कुणी राहतं का ते बघावं तशा. मग तोंड इतकं जवळ नेलं की मला वाटलं, आता हा माइक काही मला परत मिळत नाही. 'थोडक्यात बोलतो' म्हणाले तेव्हाच मागच्या रांगेतल्या दोघांनी डोळे मिटून घेतले. अनुभवी माणसं. माझ्या सूत्रसंचालनाचं मात्र कौतुक झालं. सचिव म्हणाले, 'तुम्ही नसता तर कार्यक्रम पडला असता.' मी नको नको म्हणत सगळं ऐकून घेतलं.

आता तुझ्या गिटार वाजवण्याचं. हे बघ, त्या हॉलची वायरिंगच जुनाट. भिंतीतून सुद्धा घरघर येते. शिवाय तुझ्या मनगटाचं ऑपरेशन होऊन अजून वर्षही झालेलं नाही. लोकांना सगळं कळतं. आणि मधे मी जे काही बोललो ते मनावर घेऊ नकोस. तू मला ओळखतेस, माझ्या जिभेला हाड नाही आणि हातात माइक असला की लगामही नाही. सगळे हसले, तूही हसलीस. विषय संपला.

नेहमीसारखं पत्र पाठव. डॉक्टरीणबाईंनी हाताला व्यायाम म्हणून 'रोज काहीतरी लिहीत जा' सांगितलं आणि तू माझ्यावर पत्रांचा मारा सुरू केलास, त्याला आता बरेच महिने झाले. पहिल्या पत्रातलं अक्षर शाईत पडलेली मुंगी घराकडे निघाल्यासारखं होतं. हल्ली चक्क वाचता येतं. मी मजकूर नंतर वाचतो, आधी अक्षर बघतो. तेवढ्यावरून तुझी तब्येत समजते.

भाऊजींना नमस्कार.

तुझा लाडका,
भोंगा


१९ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. भाऊजींच्या अक्षरात.

पाकीट हातात घेतलं आणि वरचा पत्ता दोनदा वाचला. त्यांचं अक्षर सुंदर आहे, ओळीला ओळ समांतर, रुळांसारखी. पण मला ते वाचवेना. 'ती सांगते आहे, मी लिहितो आहे,' असं त्यांनी सुरुवातीलाच लिहिलंय. मला आधी वाटलं, हात दुखावला की काय. पुढे वाचलं तर हात दुखत नाही म्हणतेस. फक्त व्यायाम बंद केलास, तो पिळायचा रबरी चेंडू नातवाच्या खेळण्यांत टाकलास, आणि गिटार महिनाअखेरीला गाण्याच्या क्लासच्या बाई येऊन घेऊन जाणार. 'एकदा लोकांसमोर बसून बघायचं होतं. बघितलं. आता उगाच खुळखुळा कशाला वाजवत बसायचा?'

खुळखुळा! ताई, तू हा शब्द स्वतःच्या वाजवण्याला लावावास?

मी त्या दिवसाबद्दल थोडा विचार केला. तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. तुझ्या गिटारच्या पोटात आवाज टिपणारा जो पिकअप चिकटवलाय, तो फार हळू बोलणारा माणूस आहे. त्याची वायर थेट मिक्सरपर्यंत, म्हणजे सगळे आवाज कमीजास्त करायच्या माझ्या यंत्रापर्यंत ओढत नेली, तर वाटेत पंखे, ट्यूबलाइटी, सगळ्यांची घरघर तिच्यात शिरते आणि बिचाऱ्याचं म्हणणं पोचेपर्यंत अर्धमेलं होतं. म्हणून वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये एक लोखंडी डबी लावतात. आमच्या धंद्यात तिला डीआय बॉक्स म्हणतात. साबणाच्या डबीएवढी असते. एकीकडून गिटारची वायर आत, दुसरीकडून माइकच्या वायरीसारखी वायर बाहेर. तुझ्या खुर्चीच्या पायाशी जी काळी डबी होती, जिला तू 'ही काय माझी पायपुसणी?' म्हणालीस, तीच. हळू बोलणाऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं मिक्सरच्या कानावर घालायचं, एवढंच तिचं काम.

तर मला असं वाटतं की त्या डबीत काहीतरी गडबड असावी. नक्की काही सांगता येत नाही. बघतो, कळवतो. तोवर गिटार देऊ नकोस. देण्याची घाई काय आहे? क्लासच्या बाईंना म्हणावं, वाट बघा.

तुझी भावजय मागे उभी राहून वाचते आहे. म्हणते, 'अहो, वन्संना पत्र लिहिताय की विम्याच्या कंपनीला निवेदन देताय?' मी म्हटलं, तांत्रिक बाब आहे. ती म्हणाली, 'असावी म्हणजे काय? तुम्हाला माहीत आहे की नाही?' मी म्हटलं, चहा कर. तिने केला नाही.

तुझा,
भोंगा


२४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

या वेळी साष्टांग. खरोखर. खोलीचं दार लावून घेतलं आणि फरशीवर आडवा झालो. वर आलो ते टेबलाचा पाय धरून. हे तुला हसवायला सांगत नाही, हसू आलं तर येऊ दे.

काल उत्तर आलं. पुन्हा भाऊजींच्या अक्षरात, दोनच ओळी. 'ती म्हणते, मला बरं वाटावं म्हणून डबीवर ढकलतोस ते कळतंय मला. लहानपणापासून तुझा स्वभावच तसा मायाळू. पण हात माझा आहे, दोषही माझाच.'

मायाळू.

ताई, मी आयुष्यात पुष्कळांचे अपमान केले, भर सभेत केले, आणि लोकांनी त्यावर टाळ्या दिल्या. पण मला कुणी इतकी जोरात थोबाडीत मारलेली नाही, जितकी तुझ्या या एका शब्दाने बसली. मी तुला अर्धं खरं लिहिलं, तेही 'असावी'च्या पांघरुणाखाली, आणि तू त्या अर्ध्या खऱ्याला माझी माया समजलीस. आता उरलेलं अर्धं सांगतो. मध्ये विनोद आले तर दुर्लक्ष कर. भीती वाटली की मला ते होतात.

त्या दुपारी तू लवकर आलीस. खुर्चीत बसलीस, तारा जुळवल्यास. मी काय करत होतो? माझा स्वतःचा, निवेदनाचा माइक लावत होतो. 'हॅलो, हॅलो' करून आवाजाला थोडा भारदस्तपणा दे, थोडा खर्ज दे, मग 'रसिकहो' म्हणून बघ, मग 'मंडळी' म्हणून बघ. अध्यक्षांचा माइक जरा कमी ठेव, म्हणजे त्यांच्यानंतर मी बोललो की आपोआप खुलून दिसेल. हे सगळं मन लावून चाललेलं. तू दोनदा म्हणालीस, 'अरे, जरा माझंही बघ ना.' आणि मी म्हणालो, 'तुझं काय बघायचं ताई? तू तर घरची!'

घरची म्हणून तुझं बघितलं नाही. बाहेरच्या कुणा गिटारवाल्याला मी असं केलं नसतं. तो बोंबलला असता, हे मला माहीत आहे.

आता डबी. तिच्यावर एक बारीक बटण असतं. काही वाद्यं फार आरडाओरडा करतात, त्यांचा आवाज आत शिरतानाच दाबून कमी करायचा असला तर ते बटण दाबायचं. आदल्या आठवड्यात माझ्याकडे एक कीबोर्डवाला होता. त्याची सगळी बटणं कायम शेवटच्या टोकाला, आवाज कमी कर म्हटलं की त्याचा अपमान होतो. म्हणून मी डबीवरचं बटण दाबलं आणि कुणी हात लावू नये म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी मारली. पट्टी मारायची ही माझी खास पद्धत. धंद्यातल्या इतरांना मी त्यावर व्याख्यानं दिली आहेत. 'माझ्या डब्यांना कुणी छेडत नाही,' असं मी म्हणतो.

तीच डबी, तीच पट्टी, तुझ्या पायाशी ठेवली. आरडाओरडा करणाऱ्याचं तोंड दाबायचं बटण, आणि त्यात सगळ्यांत हळू बोलणाऱ्याची वायर.

तू पहिली चाल सुरू केलीस तेव्हा आवाज आला तो जुन्या ट्रान्झिस्टरमधून यावा तसा, बारीक, पत्र्याचा. मी मिक्सरवर वाढवला. त्याबरोबर सूं सूं वाढली, कुठेतरी काहीतरी तळणीत टाकल्यासारखी. पहिल्या रांगेतले लोक माना वळवून विंगेकडे, माझ्याकडे बघायला लागले. ताई, मी पुन्हा कमी केला. लोकांनी माझ्याकडे बघू नये म्हणून. आणि मनात म्हणालो, ताईच हळू वाजवते आहे, हात अजून बसलेला नाही.

तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. तुला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, एवढंच तुला विचारायचं होतं. आता कळतं. तेव्हा मी काय केलं ते सगळ्या हॉलने ऐकलं, तरी एकदा माझ्या हाताने लिहितो. दोन चालींच्या मधे मी पुढे झालो, माझा भारदस्त माइक हातात घेतला आणि म्हणालो, 'मंडळी, आमच्या ताईंचा स्वभावच असा, भांडतानासुद्धा आवाज चढवत नाहीत. पहिल्या रांगेने ऐकावं आणि मागच्यांना निरोप द्यावा!'

काय हसले लोक! अध्यक्षांवर पोट धरून हसण्याची वेळ आली. तू पण हसलीस. मग वाकून वाजवायला लागलीस, दात आवळून, ज्या मनगटात अजून टाके ओढतात त्या मनगटाने, आणखी जोरात, आणखी जोरात. माझ्या दाबलेल्या बटणाविरुद्ध.

इथे थांबलो असतो तर त्याला चूक म्हणता आलं असतं. चुका होतात. मी स्वतःच्या चुकांवर फार छान किस्से सांगतो, तू ऐकलेस.

पण कार्यक्रम संपला, मी वायरी गुंडाळत होतो, आणि डबी उचलली. अंगठ्याखाली पट्टी लागली. एक टोक सुटलं होतं. ओढलं, तर बटण आत. ताई, मला सगळं त्याच क्षणी कळलं. कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तू समोर आलीस, गिटारची पिशवी खांद्याला. सचिव माझ्या शेजारी उभे, 'काय रंगत आणलीत आज!' असं काहीसं म्हणत होते. तू ते संपेपर्यंत थांबलीस. मग हळूच म्हणालीस, 'खरं सांग. हात गेला ना माझा?'

डबी माझ्या हातात होती. पट्टी बोटाला चिकटलेली होती.

आणि मी म्हणालो, 'ताई, वय काय सगळ्यांचंच होतं गं.'

तू मान हलवलीस. आणि माझ्या दंडावर थोपटलंस. त्याच हाताने थोपटलंस.

सचिवांसमोर 'चूक माझी' म्हणायला मला लाज वाटली. म्हणजे ज्याची लाज वाटायला हवी होती त्याची वाटली नाही, आणि नको त्याची वाटली. आता हवी तिथे वाटते आहे, ढिगाने वाटते आहे, पण तिचा तुला काय उपयोग?

उपयोगाचं पुढे आहे.

आमचा मिक्सर हल्ली प्रत्येक माइकचं वेगळं रेकॉर्डिंग ठेवतो. मी ते कधी ऐकत नाही, फार तर स्वतःचं निवेदन ऐकतो. परवा दुपारी, तुझ्या भावजयीच्या त्या प्रश्नानंतर, गोदामात जाऊन बसलो. तुझ्या डबीचं रेकॉर्डिंग लावलं. खुळखुळाच, तुझा शब्द बरोबर आहे. मग हात सवयीने माझ्या माइककडे गेला. विनोद केल्यावर मी तो तसाच स्टँडवर, तुझ्या खुर्चीजवळ ठेवला होता. हॉलसाठी त्याचा आवाज बंद केला होता, पण त्याचे कान उघडे होते. त्याच्या आणि तुझ्या गिटारच्या मधे ना डबी, ना बटण, ना पट्टी.

आधी माझा आवाज. भारदस्त, खर्जातला. विनोद. मग हशा. तो ऐकताना मी हेडफोन काढून ठेवला होता, पुन्हा घातला. हशा ओसरल्यावर खुर्ची करकरली. आणि अगदी जवळून, पुटपुटल्यासारखं, तू तुझ्या हाताशी बोललीस, 'हसू दे त्यांना. चल रे बाबा, चल.'

आणि तो चालला, ताई! काय चालला! जी संथ चाल तू मला झोप येत नसे तेव्हा खाटेच्या कडेला बसून वाजवायचीस, तीच. एक सूर लटका नाही. अंगठ्याचे खालचे ठोके भरलेले, गोल, विहिरीत घागर बुडावी तसे. मधे एके ठिकाणी बोट घसरतं, तू 'अं हं' म्हणतेस आणि परत येऊन तो सूर नीट बसवतेस. माझ्याइतका खोटा माणूस तुला सांगतोय म्हणून विश्वास ठेवू नकोस. म्हणून ते रेकॉर्डिंग सोबत पाठवतो आहे. माझा विनोद त्यातून कापलेला नाही. कापला असता तर पुन्हा एक पट्टी मारल्यासारखं झालं असतं.

हात गेलेला नाही. त्या दिवशीही गेलेला नव्हता. गेलेलं काही असेल तर ते माझं होतं, त्याचं मी बघून घेईन.

आज सकाळी वाचनालयात गेलो होतो. सचिवांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'अहो, कोण लक्षात ठेवतंय! लोकांना तुमचा तो विनोद तेवढा आठवतो.' मला दिलासा द्यायला म्हणाले. मी म्हटलं, तोच तर घोळ आहे. पुढच्या महिन्यात त्याच हॉलमध्ये सभासदांची सभा आहे. सुरुवातीला मी त्याच माइकवरून, जे झालं ते, नाव घेऊन, विनोद न करता सांगणार आहे. सचिव नाराज आहेत. म्हणाले, 'विषयपत्रिकेत बसत नाही.' मी म्हटलं, बसवा. तुझी भावजय येणार आहे. पहिल्या रांगेत बसते म्हणाली. मध्येच मी काही गंमत करायला लागलो, तर ती खोकणार आहे.

डबीही पाठवतो आहे, याच पुडक्यात. पट्टी काढून, बटण वर करून. पट्टीचा चिकट डाग तेवढा राहिलाय, तो निघाला नाही, घासूनही. हवं तर ठेव, हवं तर कचऱ्यात टाक. तो नातवाच्या खेळण्यांतला चेंडू मात्र शोध. क्लासच्या बाईंना काय सांगायचं ते तू ठरव. गिटार तुझी, हात तुझा. मी एवढंच म्हणतो, माझं खोटं ऐकून देऊ नकोस. हे रेकॉर्डिंग ऐक, आणि मग द्यायची वाटली तर दे.

क्षमा कर असं लिहिणार होतो. ते वाक्य इथे दोनदा लिहून खोडलं, खोडलेलं दिसत असेल. ते मागायला मी स्वतः येईन, दार उघडलंस तर. नाही उघडलंस तर जिन्यात बसेन, भाऊजी दूध आणायला निघतील तेव्हा अडखळतील माझ्यावर.

मात्र एक पाकीट पाठव. आत शिव्या असोत, कोरा कागद असो, काही नसलं तरी चालेल. आतलं मी नंतर बघेन. पाकिटावरचा पत्ता तेवढा भाऊजींना लिहू देऊ नकोस.

लहानपणी तू ठेवलेल्या नावाने आज सही करवत नाही.

तुझा धाकटा भाऊ